अठरा आटे

चावीवाला लांबूनच ओळखू यायचा. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी चावी. रस्त्यातलं झाकण उघडायचं, चावी खालच्या व्हॉल्व्हला बसवायची, फिरवायची, की त्या भागाला पाणी. उलट फिरवली की बंद. सव्वीस वर्षं हेच काम.

मग आदेश निघाला. ज्या वस्तीची सरकारदरबारी नोंद नाही तिचं पाणी तोडा. गेल्या उन्हाळ्यात वरच्या वस्तीची पाळी होती. चावीवाल्यानं मुकाट अठरा आटे फिरवले, रजिस्टरात सही ठोकली आणि घरी जाऊन जेवला. वरची वस्ती डबक्यातलं पाणी प्यायली. अकरा दिवसांत चार माणसं गेली. त्यात इस्त्रीवाल्याची दीड वर्षाची पोर. कागदावर कारण काय, तर जुलाब. कुणी काठी उगारली नाही, गोळी झाडली नाही. तेव्हापासून घास उचलला की चावीवाल्याला ते आटे आठवायचे.

आता खालच्या वस्तीची पाळी.

"मी नाही फिरवणार," झाकणापाशी उभा राहून तो साहेबांना म्हणाला. भर रस्त्यात. समोर दारात मशीन चालवणाऱ्या शिवणवाल्या मावशीचा पाय तिथंच थांबला.

"अरे, आदेश आहे. माझ्या घरचा कायदा आहे का?"

"गेल्या वर्षीपण आदेशच होता. माणसं माझ्या हातून मेली."

"जुलाबानं मेली ती."

"जुलाब काय आपल्या पायानं चालत आले का साहेब?"

साहेब नवीन. बूट चकाचक. "नोकरीची तीन वर्षं राहिलीत तुझी. जाता जाता अवदसा आठवली का?" त्यांनी चावी हिसकावली, बाह्या सरसावल्या आणि स्वतःच फिरवायला लागले. उजवीकडे.

चावीवाल्याचं तोंड उघडलं आणि मिटलं. शहरातले सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे बंद होतात. हा एकच जुनाट, उलट्या आट्यांचा. उजवीकडे फिरवला की उघडतो. त्यात खालच्या वस्तीला कायम अर्धाच सोडलेला. हे माहीत होतं दोघांनाच, त्याला आणि त्याला काम शिकवणाऱ्या जमादाराला. जमादार केव्हाच वारला होता.

नऊ आटे झाले आणि चावी अडकली.

"झालं बंद! एवढ्यासाठी नाटकं." साहेबांनी रजिस्टरात झोकात सही केली.

"घाम पुसा साहेब," चावीवाला एवढंच म्हणाला.

सकाळी खालच्या वस्तीत पाणी असं आलं की मावशीची बादली उलटी झाली. शेवटच्या गल्लीतले नळ कित्येक वर्षं नुसते सूं सूं करायचे, तेही धो धो वाहायला लागले. दहा-बारा बायका थेट ऑफिसात गेल्या. "साहेब, तुमच्या हाताला काय यश आहे हो!"

साहेब अकरा वाजता झाकणापाशी आले, चेहरा लालबुंद. चावी त्यांच्याच हातात. चावीवाला झाकणावर मांडी घालून बसला होता, मांडीवर रजिस्टर.

"फसवलंस मला! सांगायला काय झालं होतं?"

"माणसं कशी मारायची तेपण मीच शिकवू?"

"ऊठ."

"आता बाजू कळली ना? फिरवा डावीकडे. आधी हे वाचा."

गेल्या उन्हाळ्याचं पान. त्याच्या जुन्या सहीखाली ताज्या शाईत लिहिलं होतं, 'मी पाणी बंद केलं. त्यानं चार माणसं मेली. जुलाबाचं नाव लावू नये.'

"कालच्या तुमच्या सहीखालीपण जागा सोडलीय," चावीवाला म्हणाला. "आज बंद केलंत तर किती मेली ते मीच येऊन लिहीन. अक्षर वाईट आहे माझं, पण वाचता येतं."

साहेबांनी वाचलं. परत वाचलं. मग बाजूला जाऊन फोनवर बोलत राहिले.

तेवढ्यात मावशी आली. "सरक रे जरा," म्हणाली आणि शेजारी बसली. मग इस्त्रीवाला आला, वरच्या वस्तीतून, चालत. तोही शेजारी टेकला.

तीनला निलंबनाचा कागद आला. चावीवाल्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. चावी ताबडतोब जमा करावी, असं होतं त्यात. चावी तर साहेबांकडेच होती. झाकणावरून उठावं असं कुणी लिहिलं नव्हतं.

त्यानं कागदाची घडी केली, बुडाखाली घातली आणि नीट बसला.