आम्ही आड येणार नाही

दापोडीच्या लुकस भालेरावनं अकरा वर्षांत चार पोरं देवाला मिळवून दिली होती, आणि चारही दुसऱ्यांची. तीन मुलगे सेमिनरीत धर्मगुरू व्हायला गेले होते, एक मुलगी मठात सिस्टर झाली होती. चर्चच्या पाचारण समितीचा तो प्रमुख. तरुण पोरापोरींच्या मनात धर्मसेवेची ओढ निर्माण करायची आणि आईबापांना राजी करायचं, हे समितीचं काम. यातलं दुसरं काम लुकससारखं कुणाला जमत नसे. भोसरीत त्याच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी असायची, म्हणून रविवारी सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकू नये यासाठी तो हटकून सेकंड शिफ्ट मागून घ्यायचा. एवढा नेटाचा माणूस.

समितीनं एक प्रथा पाडली होती. फूटभर उंचीचा एक सागवानी क्रूस दर रविवारी एका कुटुंबाकडे जायचा आणि सात दिवस त्या घरात राहायचा. रोज संध्याकाळी त्याच्यापुढे मेणबत्ती लावायची आणि घरातल्या कर्त्या माणसानं प्रार्थना मोठ्यानं वाचायची. ती प्रार्थना लुकसनंच लिहिली होती, लॅमिनेट करून क्रुसाला बांधली होती. शेवटची ओळ अशी: ‘प्रभो, या घरातून तू कुणाला हाक मारलीस तर आम्ही आड येणार नाही.’

अकरा वर्षांत क्रूस लुकसच्या घरी मात्र एकदाही गेला नव्हता. कुणी विचारलं तर तो हसून म्हणायचा, “वाढप्यानं शेवटी जेवायचं असतं.” लोकांना त्यात त्याचा मोठेपणा दिसायचा. खरं सांगायचं तर त्यालाही तसंच वाटायचं.

सोपानराव शिरसाठ हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. दोघं नगर जिल्ह्यातल्या एकाच गावचे. सोपानराव आता रिटायर होऊन मोशीत राहायचा आणि चर्चमध्ये सॅक्रिस्टीचं, म्हणजे वेदीमागच्या खोलीचं, काम बघायचा. मिस्सेची भांडी पुसायची, फादरांचे झगे घड्या घालून कपाटात ठेवायचे. त्याला एकच मुलगा, सिद्धेश. डिप्लोमा झालेला, चाकणला चांगली नोकरी लागलेली. पोराच्या मनात सेमिनरीचं आहे अशी कुणकुण लागताच लुकस सलग तीन संध्याकाळी मोशीला गेला होता. सोपानरावची बायको रडत होती. लुकस म्हणाला होता, “एकुलता एक तर आब्राहामालाही होता, सोपान. देवानं मागितला तेव्हा त्यानं हात आखडला नाही.” सोपानराव बराच वेळ फरशीकडे बघत बसला आणि शेवटी “बरं” म्हणाला. सिद्धेश आता तिसऱ्या वर्षाला होता. हा किस्सा लुकस प्रत्येक घरात सांगायचा.

आणि मग गेल्या जानेवारीत लुकसच्या रुपालीनं, जेवताना, भाजी वाढून घेत सांगितलं, “पप्पा, मला सिस्टर व्हायचंय.”

रुपाली पंचवीस वर्षांची. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी तपासायचं काम करायची. तिची आई, विजयश्री, चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात हे दोघंच. सुट्ट्यांमधल्या शिबिरात तिची एका मठातल्या सिस्टरांशी ओळख झाली होती. दोन वर्षं ती विचार करत होती म्हणे. दोन वर्षं, आणि बापाला पत्ता नाही.

“छान,” लुकस म्हणाला. दुसरं काय म्हणणार? अकरा वर्षं जे लोकांना सांगितलं ते आपल्या पोरीसमोर फिरवायचं कसं? पण संध्याकाळी कुलूप उघडून अंधाऱ्या घरात शिरायचं, आपणच कुकर लावायचा, तापानं फणफणलो तर कपाळावर हात ठेवायला कुणी नाही, हेच त्याच्या डोळ्यांसमोर येत राहिलं. देव वगैरे काही आला नाही. कुकर आला. त्याची त्याला तेव्हाही लाज वाटली, पण लाजेनं भूक भागत नाही.

मठाच्या प्रमुख मदरनी चर्चच्या फादर रणजीत यांच्याकडे शिफारसपत्र मागितलं. मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत फादरांनी लुकसला सहज विचारलं, “रुपालीची तब्येत वगैरे ठीक आहे ना? त्यांच्या फॉर्मवर लिहावं लागतं.”

माणसाच्या जिभेला हाड नसतं. लुकस म्हणाला, “फादर, तिला लहानपणी फिट यायच्या. अजून अधूनमधून येतात. आम्ही कुठं बोललो नाही. तिला कळू देऊ नका मी सांगितलं म्हणून, बिचारीला वाईट वाटेल.”

रुपालीला जन्मात कधी फिट आली नव्हती.

फादर भला माणूस. त्यांनी जड मनानं लिहिलं. महिन्यानं मदरचं उत्तर आलं. त्यांची कामं डोंगराळ भागात, दवाखाना लांब, अशा मुलीला घेणं तिच्यावरच अन्याय होईल. फादरांनी शब्द पाळला, रुपालीला एवढंच सांगितलं की यंदा त्या नाही म्हणाल्या.

त्या संध्याकाळी रुपाली कणीक मळता मळता म्हणाली, “देवालाच मी नको असेन, पप्पा.” तिचा आवाज अगदी साधा होता. लुकसनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि त्या रात्री तो महिन्याभरानं गाढ झोपला, हेही सांगायलाच हवं.

झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं, पण त्या दिवशी सॅक्रिस्टीत कपाटाच्या दाराआड सोपानराव झगे लावत उभा होता. त्यानं ऐकलं, आणि त्याच्या मनात आलं ते एवढंच की मित्रावर संकट आलंय. त्यानं कुणाकडे चकार शब्द काढला नाही. दर शुक्रवारी रुपालीच्या नावानं उपास मात्र धरला. एप्रिलमधल्या एका बुधवारी मोशीच्या स्टॉपवर, दापोडीची बस पकडायला कंपनीच्या बसमधून उतरलेली रुपाली त्याला भेटली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

“पोरी, भिऊ नगंस. फिटंचं दुखणं बरं व्हतं. माझ्या मावसभावाला हुतं, आता टेम्पो चालवतो. मी बारा शुक्रवार झालं उपास धरलाय तुझ्यासाठी.”

“कसल्या फिट, काका?” रुपालीनं विचारलं. सोपानरावनं जे ऐकलं होतं ते सांगितलं. ती घरी आली आणि बापाला काहीच बोलली नाही.

पुढचा रविवार पाचारण रविवार होता. वर्षातून एकदा त्या दिवशी लुकस माईकवर बोलायचा. “आईबापांनो,” तो म्हणाला, “देवाच्या दारात हात आखडू नका.” तिसऱ्या बाकावर रुपाली बसली होती. ती त्याच्याकडे बघत होती, नुसती बघत होती. चोराच्या मनात चांदणं. लुकसनं आब्राहामाचा किस्सा गाळला आणि भाषण लवकर आटपलं.

मिस्सा संपल्यावर क्रूस प्राजक्ताबाईंकडे जायचा होता. तेवढ्यात रुपाली पुढे आली. “प्राजक्तामावशी, या आठवड्याला आम्ही नेऊ का?”

“ने की बाई! किती वर्षं तुझ्या वडलांच्या मागं लागलोय आम्ही.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. लुकसला तो क्रूस आपल्या हातानं पोरीच्या हातात द्यावा लागला.

रविवार ते बुधवार सेकंड शिफ्टनं त्याला वाचवलं. मेणबत्ती रुपाली लावायची, तो घरी यायचा तेव्हा ती विझलेली असायची. गुरुवारी मात्र सुट्टी. त्या दिवशी संध्याकाळी रुपालीनं मेणबत्ती पेटवली, बापासमोर ते लॅमिनेट केलेलं कार्ड धरलं आणि म्हणाली, “कर्त्या माणसानं वाचायचं असतं ना?”

त्यानं वाचायला सुरुवात केली. स्वतः लिहिलेली वाक्यं, शेकडो वेळा लोकांकडून वाचून घेतलेली. शेवटच्या ओळीशी आला आणि थांबला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबला. रुपालीनं त्याला घाई केली नाही, मदतही केली नाही.

“मी आड आलो,” लुकस म्हणाला. “तुला फिट येतात म्हणून मीच सांगितलं.”

“माहितेय.”

त्याला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मेणबत्तीवरचं मेण नखानं काढलं आणि म्हणाली, “दोन महिने मी रोज विचार करत होते की माझ्यात काय खोट आहे. पप्पा, तुम्हाला एकटं वाटेल असं सांगितलं असतं तर मी थांबले असते. वर्षभर, दोन वर्षं. तुम्ही मला सांगायचं सोडून फादरांना खोटं सांगितलंत.”

लुकसनं कार्ड क्रुसापाशी ठेवलं.

“उद्या फादरांना खरं सांगा. पुढचं मदर आणि मी बघू. पण आधी सोपानकाकांकडे जा. त्यांनी तुमचं बोलणं ऐकलंय, माझ्यासाठी दर शुक्रवारी उपास धरतात. उद्या शुक्रवार आहे, ते उपाशी बसतील.”

शुक्रवारी सकाळी तो मोशीला गेला. फादरांना सांगायचं अजून बाकी होतं, पण ते त्यामानानं सोपं. त्यांच्यापुढे पापं सांगायची सवय असते. पण ज्याच्या घरातून एकुलता एक उचलून नेला त्याच्या दारात उभं राहायचं म्हणजे? दोन जिने चढताना तो तीनदा थांबला.

“जय ख्रिस्त,” सोपानराव म्हणाला. “ये की रं. आज मी काय खात न्हाई, पर तुला च्या करतो.”

“नको,” लुकस म्हणाला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यात त्यानं कुकरचंही सांगितलं, काही राखून ठेवलं नाही.

सोपानराव खुर्चीत बसला. तीन वर्षांपूर्वी बघत होता तसाच फरशीकडे बघत राहिला. भिंतीवर सिद्धेशचा पांढऱ्या झग्यातला फोटो होता. लुकसनं तिकडे बघायचं टाळलं.

“म्हंजी पोरगी धडधाकट हाय,” सोपानराव शेवटी म्हणाला.

“हो.”

“मग बरं झालं.” तो उठला, चपला पायात सरकवल्या, किल्ली घेतली. “चल. फादरकडं जाऊ. एकट्याला जमायचं न्हाई तुला.”

जिना उतरताना तो मधल्या पायरीवर थांबला. कठड्याला धरून, लुकसकडे न बघता बोलला.

“सिद्धेशच्या वक्ताला माझ्या बी तोंडाशी आलं हुतं. त्याच्या छातीत दुखतंय, डॉक्टरनी न्हाई म्हणलंय, असं सांगावं फादरला. रातभर पाठ केलं हुतं.”

“मग?” लुकसनं विचारलं.

“मग काय. सकाळी उठलो आन् तुझी याद आली. लुकससमोर खोटं कसं बोलायचं, म्हणून लाज वाटली मला.”