घडीच्या रेघांचा कोट

टेलरबाईंची पद्धत अशी, की जुन्या कपड्याला कात्री लावण्याआधी त्याचा टाका न् टाका उसवायचा. "आधी ज्यानं शिवलं, त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं," असं त्या म्हणत. आजोबांना हे फार पटलं. त्यांचा सगळा जन्म पुस्तकांच्या बांधणीत गेला होता. जुनं पुस्तक नव्यानं बांधायचं तर तेही आधी शिवण सोडवत. म्हणून पोशाख देऊन नात कामावर निघून गेली, तरी ते दुकानातल्या स्टुलावर बसून राहिले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले.

"काका, घरी बसलात तरी चालेल. पोशाख काही पळून जात नाही."

"माझी अडचण होतेय का?"

"अजून तरी नाही," बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या.

पोशाख आजोबांच्या बायकोचा, तिच्या लग्नातला. सायीच्या रंगाचं रेशीम आणि भरपूर घेर. बायको होती मुठीएवढी, आणि नात अशी उंच, की घरातला बल्ब बदलायला तिला स्टूलसुद्धा लागत नसे. नात इलेक्ट्रिशियन होती. तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "मावशी, मला लांब कोट आणि पँट हवी. खिसे खरे, शोभेचे नकोत. आणि दोन्ही हात डोक्यावर गेले पाहिजेत. मी दिवसभर छताला लोंबकळणारी बाई, लग्नात बाहुलीसारखी उभी राहायची नाही." तिचं लग्न अठरा दिवसांवर होतं. दुसरा कपडा तिनं घेतलाच नव्हता. "आजीचं कापड, नाहीतर कामाचा डगला," असं ती हसत म्हणाली होती. ती चेष्टा करत नव्हती, हे आजोबांना माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी घेराचा पहिला भाग सुटा झाला. बाईंनी तो खिडकीशी धरला. रेशमात वरपासून खालपर्यंत सरळ रेघांतून उजेड झिरपत होता. बाईंनी एका रेघेजवळ हलकेच ताण दिला. वाळलेलं पान चुरगळावं तसा आवाज झाला आणि कापड वीतभर फाटलं.

बाईंनी फाटलेली कड बोटांत धरून पाहिली. मग म्हणाल्या, "हा कोण सांभाळत होतं?"

आजोबा स्टुलावरून उठले. "मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बायको गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, लग्नाच्या तारखेला ते पोशाख बाहेर काढत, वारा देत, आणि पुन्हा त्याच घडीवर घडी घालत. रेघ जराही हलू देत नसत. घडीवरून पुस्तकबांधणीतली हाडाची पट्टी फिरवत, लांब फळीखाली ठेवत, आणि फळीवर शब्दकोशाचे जाडजूड खंड.

"शब्दकोशाचे?"

"सहा खंड."

"अहो काका, कापड म्हणजे कागद का? त्याची घडी दर खेपेला बदलायची असते. इतकं जपलंत, की जीवच घेतलात त्याचा."

आजोबा मान खाली घालून बसले. आयुष्यात एक काम आपण चोख केलं असं त्यांना वाटत होतं, ते हे. आता नातीला काय सांगायचं? आणि कामाच्या डगल्यात तिला उभी राहिलेली कशी बघायची?

बाई मात्र रेघा मोजत होत्या. त्यांनी मोजपट्टी दोन रेघांमधल्या एका पट्ट्यावर ठेवली, मग दुसऱ्यावर, मग पलीकडच्या भागावर. भुवया वर गेल्या. "सगळे सारखे! केसाचाही फरक नाही. काका, तुम्ही माणूस आहात की यंत्र?"

"सवय..." आजोबा पुटपुटले.

"रेघेवरचं रेशीम मेलंय. दोन रेघांमधलं धडधाकट आहे. मेलेलं कापून काढू, जिवंत पट्टे उभे जोडू. खाली नवं सुती अस्तर. ओढ सगळी अस्तरानं सोसायची, रेशमानं नुसतं मिरवायचं. आणि पोरगी उंच आहे, उभ्या रेघा तिला शोभतील."

पुढचे बारा दिवस आजोबांनी जे पाहिलं, तसं कसब त्यांनी आपल्या धंद्यातही क्वचितच पाहिलं होतं. बाई खडूनं खूण करत नसत, दोऱ्यानं करत. प्रत्येक पट्टा अस्तरावर हातानं टाचत, आणि टाका इतका बारीक, की आजोबांना चष्मा पुसून पाहावं लागे. एक बाही तर त्यांनी तीनदा उसवली. "छान तर दिसत होती," आजोबा न राहवून म्हणाले. "दिसत होती," बाई म्हणाल्या, "पण खांद्यात ओढत होती. तुम्ही गप्प बसा."

कोट अंगावर घालून बघायचा दिवस आला. नात आरशासमोर उभी राहिली आणि बघतच राहिली. "मावशी, ह्या रेघा काय भारी दिसतायत! कुठून सुचलं हो?"

बाईंनी ओठांत टाचण्या धरलेल्या होत्या. त्यांनी आजोबांकडे पाहिलं आणि टाचण्यांमधूनच म्हणाल्या, "हल्ली फॅशन आहे तशी."

निसटायला वाट मोकळी होती. आजोबांनी गप्प बसायचं ठरवलंही. पण तोंडातून शब्द निघून गेले, "फॅशन नाही ती. माझी चूक आहे. आजीचा पोशाख मी खराब केला, बाळा. जिथं जिथं रेघ आहे, तिथं तिथं मी."

आणि अकरा वर्षांचं सगळं, पट्टी, फळी, खंड, त्यांनी तिला अडखळत सांगितलं.

नात आरशातून त्यांच्याकडे पाहत होती. "दर वर्षी?" तिनं विचारलं.

"दर वर्षी."

"आणि आम्हाला कुणालाच पत्ता नाही!"

"हात वर कर," बाई मध्येच म्हणाल्या. "बोलणं नंतर. आणि सगळ्यांनी गप्प. मेलेलं रेशीम राहिलं असेल तर आवाज येईल."

नातीनं हळूहळू दोन्ही हात डोक्यावर नेले. आजोबांनी श्वास रोखला. पाठीवरचे पट्टे ताणले, वर सरकले, खांद्याशी गोळा झाले. कसलाच आवाज आला नाही. बाईंनी समाधानानं मान हलवली.

मग नात वळली आणि ते वर गेलेले हात तसेच आजोबांच्या गळ्यात टाकून तिनं त्यांना घट्ट आवळलं.

"अगं, टाचण्या! टाचण्या आहेत अजून!" बाई ओरडल्या.

दोन तर आजोबांना चांगल्याच टोचल्या. ते जागचे हलले नाहीत.