सेवदाचं शेवटचं वाक्य

पुण्यात मी तीन वर्षं रशियन शिकले आणि डिप्लोमाला पहिली आले. अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोला आल्यावर माझ्या नवऱ्याने, दिगंबरने, ते सर्टिफिकेट सुटकेसच्या तळाशी घातलं आणि वर रजया रचल्या. ग्रीन कार्डाच्या फॉर्मवर प्रश्न होता, कम्युनिस्ट पक्षाशी कधी संबंध आला होता का? त्यात त्याच्या कंपनीत लष्कराच्या रडारची कामं चालत. "तुझं रशियन इथे कुणापुढे काढायचं नाही," त्याने बजावलं. साल चौऱ्याऐंशी; त्याची भीती अगदीच खुळी होती असंही म्हणता येत नव्हतं. मी गप्प बसले ती दोन वर्षं गप्पच होते.

माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. गाडी एकच, ती त्याच्याकडे. चालत कुठे जावं तर रस्त्याला फुटपाथच नाही. दुपारी मी बाथरूममध्ये नळ सोडून रशियन क्रियापदं म्हणायची, शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथे माझं तोंड मीच दाबून धरलं होतं.

युनिव्हर्सिटीत बायोलॉजी करणारी मृणालिनी शनिवारी आमच्याकडे वरणभात जेवायला यायची. एकदा तिने तीन पास आणले.

"दिगंबरदादा, दुपारी फॉरेन मूव्ही आहे, फ्री! अझरबैजानचा."

"हे कुठे आलं?"

"इराणच्या वर कुठेतरी. गालिचे वगैरे बनवतात ना यार, तिथेच. वहिनी, कॅन्सल नाही करायचं हं!"

इराणच्या वर काय आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. मी भांडी घासत राहिले. सांगितलं असतं तर जाणं तिथेच बारगळलं असतं.

पडद्यावर रशियन अक्षरं उमटली आणि दिगंबर ताठ झाला. "अगं, हे तर सोव्हिएत आहे!" तेवढ्यात दिवे लागले. कार्यक्रमाच्या प्रोफेसरबाई माइकवर आल्या. रशियन डबिंगची कॉपी आली होती, इंग्लिश सबटायटल्स नव्हती. हॉलमध्ये रशियन येणारं कुणी आहे का?

दिगंबरची बोटं माझ्या मनगटावर आवळली. रागाने नव्हे, घाबरून. तो दुष्ट असता तर मला किती सोपं गेलं असतं! पण दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी मला येणारी गोष्ट विचारत होतं. मी मनगट सोडवून घेतलं आणि उठले.

सिनेमातली सेवदा अझरबैजानच्या राजधानीत, बाकूच्या तटबंदीतल्या जुन्या गावात राहते. लग्नाआधी ती तारऑफिसात काम करायची. नवरा प्रेमळ. डाळिंबं आणतो, शाल आणतो, आणि बाहेर फार वारा आहे म्हणून तिला घरातच ठेवतो. तारऑफिस तिला परत बोलावतं, पत्रांवर पत्रं पाठवतं. तो ती गालिच्याखाली सरकवतो. गालिचा झटकताना एक दिवस पत्रं तिच्या हाती लागतात. मी माइकवर एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. सुरुवातीला शब्द शोधावे लागले, मग मात्र आवाज असा सुटला की माझा मलाच ओळखू येईना. मी फार सुखात होते.

शेवटच्या प्रसंगात सेवदा पत्रं घेऊन खिडकीशी उभी राहते, पाठ आपल्याकडे, समोर समुद्र. आतून नवरा हाक मारतो, "सेवदा, कुठे आहेस?" ती उत्तर देते आणि सिनेमा संपतो.

मी सांगितलं, "मी दाराशी आहे. माझी पत्रं मला सापडली. उद्यापासून मी कामावर जाणार आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मृणालिनीने तर शिट्टी मारली.

प्रोफेसरबाईंनी माझे दोन्ही हात धरले. पुढचे पाच शनिवार बाकूचेच सिनेमे होते, सगळे असेच सबटायटल्सविना. मानधन देता येणार नव्हतं, पण न्यायला-सोडायला त्यांची गाडी आली असती. याल का?

"शी इज व्हेरी बिझी ऑन सॅटरडेज," दिगंबर म्हणाला.

आणि मी हसून त्याच्या म्हणण्याला मान डोलावली. भरल्या हॉलसमोर बोलून आलेली मी! आजही ते आठवलं की माझी मला लाज वाटते.

मृणालिनीला हॉस्टेलवर सोडून त्याने गाडी घराकडे वळवली.

"शेवटी ती बाई दोनच शब्द बोलली," तो म्हणाला. "तू तीन वाक्यं सांगितलीस."

इंजिनियरच तो. मोजल्याशिवाय कसा राहील?

"हो."

"मग ती खरं काय म्हणाली?"

"'चहा ठेवते' म्हणाली."

दिगंबर हसला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याला हायसं वाटलं असावं. "मग तेवढंच सांगायचं ना! उगाच लोकांना काहीतरी."

घरी आल्यावर त्याने बूट काढले, टीव्ही लावला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. बाहेर पार्किंग लॉट, त्यात आमची गाडी आणि पलीकडे बिनफुटपाथाचा रस्ता.

"अगं, कुठे आहेस?" त्याने हाक मारली.

मी दोनच शब्द बोलले.