पदराला पुसलेली लस

चांगुणाला देवी काढल्या, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचली, तेव्हा ती नुकती धरून धरून उभी राहायला लागली होती, आणि अयोध्येला आई होण्याची अजून पुरती सवय झाली नव्हती. पोर शिंकली तरी ती रात्रभर तिच्या उशाशी बसून राहायची.

निजाम जाऊन नवं सरकार आल्यापासून येरमाळ्याच्या अलीकडच्या त्या धनगरवस्तीवर कोणी ना कोणी येतच असे. कोणी झाडं लावा म्हणून सांगे, कोणी माणसं मोजून जाई. ऐकून घ्यायचं, चहा पाजायचा आणि वाटेला लावायचं, हे वस्तीनं शिकून घेतलं होतं. देवी काढणारा मात्र तसा वाटेला लागणारा नव्हता. महालिंगप्पा त्याचं नाव. उमरग्याकडचा माणूस, बोलण्याला कानडी हेल, सायकलच्या दांडीला कातडी पिशवी. चावडीपुढं पोतं अंथरून तो बसला आणि एकेक पोर पुढं ओढायला लागला. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा आणि त्यावर दातेरी चकतीची दांडी टेकवून गरकन फिरवायची. एकदा वर, एकदा खाली. चांगुणानं असा टाहो फोडला की अयोध्येनं तिला लगेच उचलून छातीशी घेतलं.

काम उरकल्यावर महालिंगप्पा चावडीच्या ओट्यावर बसून पुरुषांशी बराच वेळ काहीबाही बोलत होता. बायका लांब लिंबाखाली उभ्या होत्या. चावडीजवळ जाऊन ऐकायची त्यांची रीत नव्हती आणि त्यांना हाक मारून सांगायची त्याची रीत नव्हती. पुरुषांनी माना डोलावल्या. अयोध्येचा नवरा बब्रुवान त्यांच्यातच होता. दिवस कलायच्या आत तो मेंढरं घेऊन घाटाखाली गेला.

पुढं चार-दोन दिवस बरे गेले आणि मग चांगुणाचं अंग तापलं. दंडावर दोन फोड टरारले, भोवतीची कातडी लाल होऊन कोपरापर्यंत सूज उतरली, काखेत गाठ आली. पोर अंगावर प्यायची बंद झाली. नुसती कण्हत पडायची. अयोध्येनं सासूला हाक मारली.

धुरपताबाईनं फोड पाहिले आणि पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. "देवी आलीया," ती म्हणाली. "अयोध्ये, हात जोड."

देवी आली म्हणजे काय काय करायचं, हे त्या घराला सांगावं लागत नव्हतं. चुलीवर फोडणी बंद झाली. दाराला लिंबाचा डहाळा लागला. पायातलं पायताण कुंपणाबाहेर राहिलं. औषधाचं तर नावच काढायचं नाही, देवीला ते खपत नाही. आणि पोरीला कोणी चांगू म्हणायचं नाही, कारण तिच्या अंगात आता देवी होती. स्वतःच्या तान्ह्या लेकीपुढं अयोध्या हात जोडून बसली आणि म्हणाली, "आई, थंड व्हा. लेकरू ल्हान हाय. चुकलं असंल तर पोटात घाला." असं म्हणताना तिला हुंदका फुटला. आपल्याच पोरीला 'तुमी' म्हणावं लागतं म्हणून की पोर जाईल म्हणून, ते तिचं तिलाही कळलं नाही.

पोर गेली नाही. ताप उतरला, सूज उतरली, खपल्या धरल्या आणि गळाल्या. दंडावर चवलीच्या नाण्याएवढे दोन वण राहिले. पण धुरपताबाईचा निकाल तोवर लागून गेला होता.

"देवी तिच्या मर्जीनं येती," ती आल्यागेल्याला सांगायची. "ह्या बाबानं बोलावल्याबिगर, लोखंडानं टोचून आणली तिला. कोपंल न्हाय तर काय. पोरीचं नशीब थोर म्हून वाचली."

अयोध्येला ते पटलं. न पटायला तिच्याजवळ दुसरं काही नव्हतंच. तिनं पाहिलं होतं ते एवढंच, की धडधाकट पोर टोचून आणली आणि ती मरणाच्या दारात गेली. चैताच्या जत्रेला ती येडाई देवीचा डोंगर चढली, पायरीवर डोकं ठेवलं आणि नवस बोलून बसली. "आई, पुढचं लेकरू तुझं. त्याच्या अंगाला तुझ्या नावानं लोखंड लागू देणार न्हाय."

मग गोरोबा झाला. नवसाचा म्हणून धुरपताबाई त्याला खाली ठेवायची नाही. 'माझ्या येडाईचा लाडका' म्हणून त्याचं कौतुक चालायचं, आणि चांगुणा त्याला कडेवर घेऊन घेऊन वाकडी चालायला लागली होती. त्याचे डोळे टपोरे होते. मेंढरं परत येताना लांबूनच धुरळा ओळखायचा आणि बाप आला म्हणून नाचायचा.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात महालिंगप्पा परत आला. केस पिकले होते, सायकल तीच होती. या खेपेला पोलीसपाटील बरोबर घेऊन तो दारोदार फिरत होता, त्यामुळं पोरं लपवायची सोय नव्हती. अयोध्येच्या कडेवरचा गोरोबा त्यानं पाहिला आणि शेजारी उभ्या चांगुणाचा दंड उचलून बघितला.

"छान उठल्या हो हिच्या, लस धरली," तो म्हणाला. "आणा ह्याला."

छान म्हणे. अयोध्येला त्या माणसाचा भयंकर राग आला. पण पाटलासमोर बोलणार काय? तिनं पोराचा दंड पुढं केला. चकती फिरली. गोरोबा रडला.

"वाळू द्या बरं का बाई. पुसू नका, धुऊ नका. आठा दिवसांनी बघून जातो," असं म्हणून तो पुढच्या घरी वळला.

अयोध्या मेंढवाड्याच्या कुडामागं गेली. पदराचं टोक घागरीत बुडवून तिनं दोन्ही जागा खसाखसा पुसल्या, परत बुडवलं, परत पुसल्या. वर येडाईचा भंडारा चोळला. पोर ओरडत होतं आणि ती त्याला म्हणत होती, "झालं राजा, झालं, काढून टाकलं." भीती, लपवाछपवी असलं काही त्या वेळी तिच्या मनात नव्हतं. पोराला वाघाच्या जबड्यातून काढावं तसं समाधान तिला वाटत होतं. धुरपताबाई कुडाच्या पलीकडून बघत होती. ती पुढं आली आणि सुनेच्या पाठीवर हात फिरवून गेली. सासूचा हात पाठीवर पडण्याचे प्रसंग त्या घरात फारसे येत नसत.

गोरोबाला ना ताप आला, ना सूज. अयोध्येनं नारळ फोडला. महालिंगप्पा बघायला येणार होता, पण कळंबाच्या बाजूला कुठं देवीची साथ लागली आणि तो तिकडं धावला तो परत आलाच नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती साथ वस्तीवर आली.

गोरोबा तेव्हा चुरूचुरू बोलत होता. आधी ताप आला, मग तोंडावर पुरळ दिसलं, आणि बघता बघता टाळूपासून तळपायापर्यंत तीळ ठेवायला जागा राहिली नाही. परत लिंबाचा डहाळा लागला, परत फोडणी बंद झाली. परत अयोध्या हात जोडून बसली. या वेळी मात्र देवी कोणी टोचून आणली नव्हती, स्वतःच्या पायानं आली होती. मग ती कशासाठी कोपली, हे अयोध्येला समजेना. नवस तर आपण पाळला होता.

चांगुणाला लांब ठेवायचं म्हणून धुरपताबाईनं तिला शेजारी पाठवलं, पण पोर पळून पळून येई. भावाच्या अंगावरच्या माश्या लिंबाच्या पाल्यानं वारी, त्याच्याच पटकुरावर झोपी जाई. अयोध्या रोज सकाळी तिचं अंग बघायची. एक फोड नाही. ज्या पोरीवर देवी कोपली म्हणून सगळी वस्ती बोलत होती, तिच्याकडं देवीनं ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही. हे अयोध्येला दिसत होतं. दिसत होतं, पण त्याचा अर्थ मनाशी लावायला ती धजत नव्हती.

गोरोबाचे डोळे चिकटून गेले. पापण्यांच्या आत फोड होते.

"आत्याबाई, दवाखान्यात न्यावं का?" अयोध्येनं हळूच विचारलं.

"घरात देवी बसली असताना?" धुरपताबाई म्हणाली. "आता तिला उठवून लावतीस? डोळ्याला हात लावू नगंस. तिचं ती उघडील."

खपल्या गळून गेल्या, ताप निवला. देवीची पाठवणी करायची म्हणून दहीभात केला. त्या दिवशी दुपारी अंगणात उन्हात बसवलं असताना गोरोबाच्या पापण्या पहिल्यांदा सुटल्या. अयोध्या धावत गेली. डोळे उघडे होते आणि त्यांच्यावर दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा होता. गोरोबानं मान इकडं तिकडं वळवली.

"माय, उजाडलं न्हाय व्हय अजून?" त्यानं विचारलं.

बब्रुवान कळपातून आला आणि पोराला खांद्यावर घेऊन उस्मानाबादच्या दवाखान्यात गेला. अयोध्या मागोमाग होती. डॉक्टरनं पापण्या उलटून बघितल्या, बॅटरी मारली आणि बॅटरी खाली ठेवली.

"देवी काढल्या नव्हत्या याला?"

"काढल्या की सायेब," बब्रुवान म्हणाला.

डॉक्टरनं पोराच्या दंडावरून बोट फिरवलं. बारीक खड्ड्यांनी दंड भरला होता, पण चवलीएवढा वण कुठंच नव्हता. "मग उठल्या नसतील," डॉक्टर म्हणाला. डोळ्यांचं आता काही होण्यासारखं नाही, हे त्यानं हळू आवाजात सांगितलं.

येरमाळ्याला एसटीतून उतरल्यावर वस्तीपर्यंत चालत जायचं होतं. डोंगरावर येडाईचं देऊळ दिसत होतं. अयोध्या अर्ध्या वाटेतच खाली बसली.

"अवं, उठल्या न्हायत असं न्हाय," ती म्हणाली. "म्या पुसल्या. पदरानं पुसल्या. चांगुणावानी व्हईल म्हून भ्याले."

बब्रुवान हात उगारील असं तिला वाटलं. उगारला असता तर बरं झालं असतं. त्यानं खांद्यावर झोपलेलं पोर सावरलं आणि तोही तिच्याजवळ धुळीत बसला.

"त्यानं सांगितलं व्हतं," डोंगराकडं बघत तो म्हणाला.

"कुणी?"

"त्या देवीवाल्यानं. चांगुणाच्या टायमाला, चावडीत. ताप येईल, दंड सुजंल, काखंत गाठ येईल. भिऊ नगा, आपसूक उतरंल, बाकीच्यांपरीस एखाद्याला जास्त व्हतं. घरी बायामाणसांस्नी सांगा म्हनला. म्या मेंढरामागं गेलो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "तुला सांगायचं राहिलं."

राहिलं. कुठल्या पाणवठ्याला पाणी आहे आणि कुठल्या रानात झाडपाला आहे, हे दहा गावच्या धनगरांना आठवणीनं सांगणारा माणूस तो. घरात दोन शब्द सांगायचे राहिले. त्याला दोष द्यावा असं अयोध्येच्या मनात आलं. पण पदर तिचा होता. घरी गेल्यावर दोघांनीही धुरपताबाईला हे सांगितलं नाही. म्हातारीनं आधीच जेवण टाकलं होतं, दिवसभर देवाकडं पाठ करून बसायची.

हळूहळू गोरोबा चालायला लागला. चांगुणाचा दंड धरायचा आणि ती नेईल तिकडं जायचं. त्याची बोटं नेमकी तिच्या वणांवर बसायची. पोरं थट्टेनं आपला दंड त्याच्या हातात द्यायची, तर तो चाचपून म्हणायचा, "ही अक्का न्हाय." वण हाताला लागले की त्याचा चेहरा उजळायचा. अयोध्येला ते बघवत नसे. कितीदा तरी तिनं ठरवलं, की पोर थोडं मोठं झालं की त्याला सगळं सांगून टाकायचं, मग त्यानं शिव्या दिल्या तरी चालतील.

एका संध्याकाळी ती लोकर पिंजत बसली होती आणि दोघं पोरं समोर होती. गोरोबा अक्काचे वण चाचपत होता.

"अक्का, हे कशाचं गं?"

"देवीचं," चांगुणा म्हणाली.

गोरोबानं स्वतःचा दंड चाचपला. मग दुसरा. मग गाल, कपाळ, मान. बोटं सावकाश फिरवत तो मनाशी काहीतरी हिशेब करत होता. अयोध्येचे हात थांबले. आता विचारणार, आणि आज सांगायचं, असं म्हणून तिनं मन घट्ट केलं.

गोरोबा एकदम हसला.

"अक्काला दोनच दिलेत," तो म्हणाला. "मला बघ किती दिलेत. माय, मी लाडका हाय म्हून व्हय गं?"

चांगुणानं आईकडं पाहिलं. अयोध्येनं लोकर बाजूला सारली, पोराला ओढून मांडीवर घेतलं आणि त्याचं ते खड्ड्याखड्ड्यांनी भरलेलं तोंड आपल्या पदरात घेतलं.

"व्हय रं राजा," ती म्हणाली. "लई लाडका व्हतास. म्हूनच झालं."