खाली, डावीकडे

हस्ना गेली आणि ॲपमधली तिची एकेक स्क्रीन बदलत गेली. इंडोनेशियातल्या मकास्सारच्या बंदरावर मासे विकणाऱ्या बायकांसाठी ते ॲप तिनेच आखलं होतं. आता तिच्या हातचं एकच बटण उरलं होतं: खाली डावीकडे, ‘बोट कुठवर आली’. नव्या आराखड्यात तेही वर उजवीकडे गेलं. हलवलं होतं शाफ्रीनेच, तिच्या नवऱ्याने. सगळ्या ॲपमध्ये ते तिथेच असतं. नको म्हणायला त्याच्याकडे कारण काय होतं? बायकोची आठवण?

नवं रूप आधी निम्म्या बायकांना दिलं. मग शाफ्री आणि त्याची वरिष्ठ तेन्री चाचणीसाठी दाएंग केबोच्या मासळीच्या ठेल्यावर गेले. तिथे बाई असो वा पुरुष, मान देऊन ‘दाएंग’च म्हणतात. चाचणीत वापरणाऱ्याला मदत करायची नाही, हा नियम.

“बोट कुठवर आली, बघा ना,” तेन्री म्हणाली.

केबोच्या उजव्या हातात सुरी होती. तिचा डावा अंगठा खालच्या रिकाम्या कोपऱ्यावर गेला. पुन्हा तिथेच गेला.

“तुमचा फोन बहिरा झालाय.”

तेन्रीने नुसतं टिपून घेतलं.

“आणि तुम्ही मुके. बरी जोडी जमवलीय.” तिने मासा उलटा केला. “तुझी बायको बर्फाच्या खोक्यावर बसून माझे हात बघायची, दाएंग. मी म्हणायची, बाई गं, मासे बघ, हातात काय आहे?”

शाफ्री तिच्या डाव्या अंगठ्याकडे बघू लागला.

ऑफिसात तेन्रीने नव्या रूपाचा नकाशा उघडला. जिथे बोटं टेकतात, तिथे तो लाल होतो. नवं बटण फिकट पिवळं होतं. खाली डावीकडे, जिथे काहीच नव्हतं, तिथे निखारा फुलला होता.

शाफ्री बघतच राहिला. बहुतेकींना हस्नाचं नावही ठाऊक नव्हतं. तरी हातातली सुरी खाली न ठेवता त्या सगळ्या तिने दिलेल्या जागी अंगठा टेकवत होत्या. तिथून बटण काढलं तरी अंगठ्यांतून ती जागा निघाली नव्हती.

“दादा, बटण परत खाली घेऊ या,” तेन्री म्हणाली. “तुमच्यासाठी नाही हं. त्यांच्यासाठी.”

“त्यांच्यासाठीच होतं ते,” शाफ्री म्हणाला. “नकाशा मात्र बंद करू नकोस. थोडा वेळ राहू दे.”

कोपऱ्यात एक नवा ठिपका उमटला. लगेच दुसरा.