तीन सेल, पाच जागा

मी बूमबॉक्स. दोन मोठे स्पीकर, मध्ये कॅसेटचं दार, वर धरायला कडी. एरवी मी दुसऱ्यांचे आवाज ऐकवतो. आज माझं ऐका.

माझी खरी जागा रस्त्यावर. माझ्या भावंडांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या फुटपाथवर, पोरांच्या खांद्यावर दिवस काढले. मी मात्र न्यू जर्सीतल्या एका दंतवैद्याच्या स्वयंपाकघरात, भिंतीतल्या प्लगला बांधलेला राहिलो. एवढा मोठा गळा मिळाला, आणि जन्मभर सांगायचं काय, तर रेडिओवरचं हवामान, उद्या ढगाळ! तो वारल्यावर त्याच्या मुलीनं मला जुन्या बाजारात विकलं.

तिथे नेरेइदानं मला उचललं. ती ब्रॉन्क्समध्ये बस चालवते, पन्नाशी उलटलेली. तिनं आधी माझं मागचं झाकण उघडलं, सेलच्या आठ जागांवरून बोट फिरवलं आणि डोळे पुसले.

का, ते तिच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. लहानपणी तिच्या इमारतीतल्या आठ मुलांचा मिळून असाच एक बूमबॉक्स होता. सेल महाग, म्हणून प्रत्येकाचा एक. संध्याकाळी जो तो आपला सेल घरी न्यायचा. एक जण जरी रुसला, तरी गाणं बंद. मग नाचायचं असेल तर आधी त्याची समजूत काढायला जावं लागे. मोठी माणसं असं का जगत नाहीत, मला कळत नाही.

रविवारी दुपारी त्याच इमारतीच्या पायऱ्यांवर त्या आठांतले तिघं जमले. नेरेइदा, मारित्सा आणि एरिबेर्तो. उरलेल्या पाचांतले तिघं मातीत गेलेले, दोघं फ्लोरिडाला, फोनही न उचलणारे. प्रत्येकानं आपापला एक सेल आणला होता.

"बाई गं, केवढा जड हा!" मारित्सा म्हणाली.

"एरिबेर्तोच्या पोटापेक्षा हलकाच," नेरेइदा म्हणाली.

"हसा, हसा. ब्रेकडान्स करताना याच पोटावर गरगर फिरायचो मी."

ज्याची जी जुनी जागा, तिथे त्यानं आपला सेल बसवला. नेरेइदानं बटण दाबलं. मी गप्प. इथे रस्त्यावर प्लग नाही, आणि आठही जागा भरल्याशिवाय माझ्यात जीव येत नाही.

"थांब, समोरच्या दुकानातून पाच आणतो," एरिबेर्तो उठला.

"नको रे," नेरेइदा म्हणाली. "त्या जागा आपल्याबरोबरच्या पाच पोरांच्या आहेत."

"अगं, पोरं कुठं आहेत आता?"

नेरेइदानं त्या पाच रिकाम्या जागांवर तळहात ठेवला. एरिबेर्तो खाली बसला. मग त्यानं तोंडानंच ताल धरला. मारित्सानं टाळ्या दिल्या, नेरेइदानं सूर लावला. क्षणभर वाटलं, मी वाजतोय! आणि ताल एकदम थांबला. पुढचा तुकडा नेहमी विल्सन म्हणायचा. मातीत गेलेल्या तिघांतला एक. तो म्हणायला कुणीच तोंड उघडलं नाही.

पायऱ्यांसमोर दोरीच्या उड्या मारणाऱ्या मुलीनं विचारलं, "मावशी, हा वाजतो का?"

"नाही गं राणी," नेरेइदा म्हणाली. "बिघडलाय."

बिघडलेलो नाही मी! ओरडावंसं वाटलं. पण ओरडायलाही मला सेल लागतात.

आता मी त्याच इमारतीतल्या तिच्या घराच्या खिडकीत असतो. ती रोज माझी धूळ पुसते, झाकण मात्र उघडत नाही. आत ते तीन सेल तसेच आहेत. त्यातला एक पाझरू लागलाय. माझ्या तारा हळूहळू हिरव्या पडताहेत. नेरेइदा, तू मला जपतेयस, पण याच जपण्यानं मी आतून संपतोय.

खाली दोरीचा आवाज येतो. आज त्या मुलीबरोबर आणखी चौघी आहेत. हाक मार त्यांना. म्हणावं, येताना एकेक सेल घेऊन या. विल्सनची जागा विल्सनचीच राहील. फक्त तिच्यात कुणाचा तरी सेल असेल. मला एकदा, एकदाच, रस्त्यावर वाजू दे. अजून माझा आवाज शाबूत आहे. पुढच्या उन्हाळ्यात असेल का, सांगता येत नाही.