विहिरीतला समुद्र

रामरावांच्या मळ्यात त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. विहिरीच्या काठावर मांडव, मांडवात निळा प्लास्टिकचा टब आणि टबातलं पाणी हाताने ढवळत बसलेले श्री सागरानंद बाबा. बाबा परतवाड्याहून शेअर जीपमध्ये दाटीवाटीत बसून आले होते. त्यांनी समुद्र कधी पाहिलाय का, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

“आपल्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी खारट का?” बाबांनी डोळे मिटून विचारलं. “कारण खाली समुद्र निजला आहे. परदेशी लोक यंत्राने लाटांची वीज काढतात. मी मंत्राने काढतो.”

मंत्र म्हणजे टबात हात फिरवणं. मग त्यांनी एक बल्ब पाण्यात बुडवला. वायर नाही, होल्डर नाही, तरी बल्ब लख्ख पेटला. रोज तासन्‌तास लाइट जाणाऱ्या आमच्या गावाने हात जोडले. मीही जोडले असते, पण माझ्या हातात चहाचा कप होता.

योजना सोपी होती. रामरावांची विहीर ही गावातली एकमेव गोड्या पाण्याची विहीर. तिच्यात अकरा पोती मंतरलेलं मीठ ओतायचं, की समुद्र जागा होणार आणि घरोघर फुकट वीज. मीठ अर्थात बाबांकडूनच घ्यायचं. किराणा दुकानातलं समुद्राला चालत नाही म्हणे.

“अवो, पाणी खारं झालं तं लेकरं काय पितीन?” दुर्गाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

“तू चूप बस. मी सोताच्या डोयानं बल्ब पाह्यला,” म्हणत रामरावांनी पहिल्या पोत्याची सुतळी तोडली.

मीठ ओतायच्या मुहूर्ताला अजून तासभर होता. दुर्गाबाई चूप बसल्या नाहीत. त्या तडक शाळेत गेल्या आणि विज्ञान शिकवणाऱ्या रागिणी मॅडमना घेऊन आल्या. मॅडमनी येताना घरचा साधा बल्ब काढून आणला होता.

“बाबा, आधी हा पेटवून दाखवा. मंग पोतं मी सोता उचलते.”

बाबांनी बल्ब बुडवला. हात फिरवला, जोरात फिरवला. टबातलं अर्धं पाणी भक्तांच्या अंगावर गेलं.

“हा बल्ब नास्तिक आहे,” बाबा म्हणाले.

मॅडमनी बाबांचा आस्तिक बल्ब पुसला आणि त्याचं बूड दुर्गाबाईंच्या तळहातावर टेकवलं. पेटला. रामरावांच्या ताकाच्या गडव्यात बुडवला. तिथेही पेटला.

“ताकात कोन्ता समुद्र निजला हाय, रामरावजी? याच्या पोटात चार्ज होनारी बॅटरी हाय. बुडाले ओल लागो का हात, पेटते. अकोल्यात कोन्त्याही दुकानात भेटते.”

“मंग लाटेची वीज खोटी?”

“खरी हाय. समुद्रावर वारा लाटा उठवते, तरंगतं पिंप वर-खाली होते, त्याच्यावर यंत्र फिरते. विहिरीत लाट कोन उठवन? तुमीच. जेवढा जोर लावान, त्याच्यापेक्षा कमीच वीज भेटन. आन्‌ आपलं खारं पाणी जमिनीतल्या क्षारानं हाय.”

बाबांना तेवढ्यात जीपची वेळ आठवली. रामराव सुटलेली सुतळी हातात धरून खाली बसले. दुर्गाबाईंनी विहिरीतून बादली शेंदली आणि तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. पाणी अजून गोडच होतं. ते प्यायले आणि पोत्याचं तोंड पुन्हा बांधू लागले.

मला मात्र त्या दिवशी चीड आली होती, बाबांची कमी आणि आमची जास्त. बल्ब पेटला तर जरूर बघा, पण हात जोडण्याआधी ही वीज येते कुठून, हे विचारा. विचारायला मिनिट लागतं. विहिरीत ओतलेलं मीठ मात्र परत काढता येत नाही.